जळू आणि जाणकार

क्वीन्सलंडमधल्या स्प्रिंगब्रूक राष्ट्रीय उद्यानातला पर्लिंग ब्रूक धबधबा सुमारे 100 मीटर खाली कोसळतो आणि तो सुंदर आहे, एवढे सांगून त्याला बाजूला ठेवतो, कारण त्याच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत माझ्या घोट्याला जळू लागली होती आणि ती काढायला मी वाकलो, तोच मागून खणखणीत मराठीत हुकूम आला, "थांबा, हात लावू नका!"

हे काका नातवंडे सांभाळण्यासाठी ब्रिस्बेनला आलेले होते आणि त्या दिवशी सांभाळायला त्यांना मी सापडलो.

"सुश्रुताने जळवांचे 12 प्रकार सांगितले आहेत, सहा सविष, सहा निर्विष," असे म्हणत त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि माझा पाय पाहण्यासाठी ते उकिडवे बसले. बराच वेळ निरीक्षण झाल्यावर त्यांनी निकाल दिला, "पाठ मुगाच्या रंगाची दिसते, म्हणजे कपिला. निर्विष! भाग्यवान आहात. ती अशुद्ध रक्तच पिते, आणि याच उपचारासाठी तिकडे लोक पैसे मोजतात."

माझे रक्त शुद्ध आहे, असे मी म्हणालो. त्यांनी माझा चेहरा न्याहाळला. "वाटत नाही," ते म्हणाले.

मी मिठाचे नाव काढताच ते दचकले. इथले प्राणी संरक्षित आहेत, असे त्यांनी मला बजावले. 1994 पासून जागतिक वारसा म्हणून गणल्या जाणाऱ्या या वर्षावनात नेचे, शेवाळ आणि जळू या सर्वांना संरक्षण आहे. तिकीट काढून इतक्या दूर आलेल्या माणसाच्या घोट्याचा मात्र कोणी विचार केलेला नाही. "एकदा जाच" असे सांगणारे परिचितही धुक्याचे आणि धबधब्याचे फोटो पाठवतात, स्वतःच्या पोटऱ्यांचे नाही. आणि नंतर विचारले की "हो, पावसात असतात तिथे" असे थंडपणे सांगतात. याला आपल्याकडे आग्रह म्हणतात.

पोट भरल्यावर कपिला आपणहून गळून पडली. जळवेच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, त्यामुळे चढण चढताना माझा मोजा भिजतच राहिला. काकांची विजार मात्र मोज्यांत नीट खोचलेली होती. मी पट्टी मागितली, तेव्हा "छे, निचरा होऊ द्या," असे म्हणून त्यांनी पिशवीतून कीटकनाशकाचा डबा काढला आणि स्वतःच्या मोज्यांवर आणखी एक फवारा मारला.