निगाताची कच्ची साके आणि आपल्याकडचा मोह

गावाकडच्या ग्रुपवर दारूबंदी हवी की नको हा वाद काही संपत नाही, चंद्रपूरची बंदी २०२१ ला उठली तेव्हा झाला, २०२२ ला सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय आला तेव्हा परत झाला. मी इथे जपानात निगाताला राहतो आणि मला खटकतं ते हे की बाटलीत काय आहे, कोणी बनवलंय, हे कोणी विचारतच नाही.

इथे हिवाळ्यात नवीन नामाझाके येते, म्हणजे पाश्चराइज न केलेली साके, तांदूळ आंबवून केलेली जपानी दारू. नेहमीची साके बहुतेक दोनदा ६०-६५ डिग्रीला तापवतात, हिला एकदाही नाही, त्यामुळे चव एकदम ताजी, जिभेला किंचित चुरचुरते, पण फ्रीजबाहेर राहिली की बिघडलीच. आत्ता समोर जी बाटली आहे तिच्यावर तांदळाची जात छापलीय, गोह्याकुमानगोकु, निगाताचीच, १९५७ ला नाव मिळालेली, दाणा घासून ६० टक्के उरवलाय, मग अल्कोहोल किती, महिना कुठला, बनवणाऱ्याचा पत्ता, सगळं.

इथेही सरकार काही उदार नाही हं, घरी दारू बनवायला १८९९ पासून बंदी आहे ती आजही आहे. पण २००३ ला इवाते प्रांतातल्या तोनो शहरापासून खास झोन सुरू केले, तिथे स्वतःची खानावळ किंवा लॉज चालवणारा शेतकरी स्वतःच्या तांदळाची दोबुरोकू, म्हणजे न गाळलेली दाट दारू, बनवून पाहुण्यांना देऊ शकतो, वर्षाला किमान ६ हजार लिटर बनवायची अट त्याला माफ. लायसन्स लागतंच, टॅक्सही भरावा लागतो.

मग मोहाच्या फुलांची दारू बनवणाऱ्या आदिवासी बायकांना आपण हे का देत नाही? गडचिरोलीची १९९३ ची बंदी लोकांनी, त्यातही बायकांनी लढून मिळवलीय, ती उठवा असं मी अजिबात म्हणणार नाही, संसार त्यांचे मोडले होते. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे बंदी नाही, तिथे काय अडचण आहे? मध्य प्रदेशने आदिवासी बचत गटांना मोहाच्या दारूचे परवाने दिलेच ना, गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे त्या प्रदेशाची खास वस्तू असा कायदेशीर शिक्का, मिळाला. साके नुसती आंबवतात आणि मोहाची भट्टीवर काढतात, म्हणून आपल्याकडे तपासणी जास्त कडक लागेल हे मान्य, पण २०१५ ला मुंबईच्या मालवणीत दारूतल्या विषारी मिथेनॉलने शंभरावर माणसं गेली ती कुठल्या लेबलवाल्या बाटलीने नाही गेली. ग्रामसभेची परवानगी घ्या, प्रत्येक बॅच लॅबमध्ये तपासा, बाटलीवर गावाचं आणि गटाचं नाव छापा, आणि पैसे त्या बायकांच्या खात्यात जाऊ द्या.