फोकस गेला म्हणजे विंडो मिनिमाइझ झाली, असं नाही

जळगाव-धुळ्याकडे दुकानांचं बिलिंग आणि जिनिंगच्या वजनकाट्यांचे प्रोग्राम करणाऱ्या पोरांमध्ये एक सल्ला फिरतोय. तो थोडक्यात असा: 'विंडो मिनिमाइझ झाली की फोकस जातोच, म्हणून मिनिमाइझचा वेगळा कोड लिहू नका. डिॲक्टिव्हेट इव्हेंट (फोकस गेल्याची प्रोग्रामला मिळणारी सूचना) पकडा. त्यात काट्याचं वाचन थांबवा, राहिलेल्या रकान्यांचा मेसेज दाखवा. ॲक्टिव्हेट (फोकस परत आल्याची सूचना) आला की सगळं परत चालू करा. तातडीचं काही असेल तर कोडनेच विंडो पुढे आणा.'

चार ओळींत काम उरकतं, म्हणून सगळ्यांना आवडतं. चूक कुठे आहे ते क्रमाने बघू.

'मिनिमाइझ झाली की फोकस जातोच'

जातो, पण आधीच गेलेला असेल तर पुन्हा जाणार कसा? विंडोज की आणि एम दाबलं की मागच्या विंडोही खाली जातात. त्यांचा डिॲक्टिव्हेट केव्हाच येऊन गेलेला असतो, मिनिमाइझच्या वेळी येत नाही. उलट बाजूने, म्हणजे फोकस गेला की मिनिमाइझ झाली, हे तर अजिबात खरं नाही. काट्यावरचा माणूस डावीकडे वजनाची विंडो आणि उजवीकडे व्हॉट्सॲप ठेवून बसतो. फोकस व्हॉट्सॲपवर, नजर वजनावर. तुमच्याच प्रोग्रामचा प्रिंट डायलॉग किंवा मेसेजबॉक्स उघडला तरी मुख्य फॉर्मला डिॲक्टिव्हेट येतो.

कीबोर्डचं बटण कुणाकडे जाणार, हा फोकसचा प्रश्न. विंडो पडद्यावर आहे का, हा मिनिमाइझचा. त्याचं उत्तर विंडो बनवायच्या प्रत्येक टूलकिटमध्ये वेगळ्या जागी असतं: विनफॉर्म्समध्ये रिसाइझ इव्हेंटमध्ये विंडोस्टेट तपासून मिळतं, डब्ल्यूपीएफमध्ये स्टेटचेंज्डमध्ये, स्विंगमध्ये विंडोआयकॉनिफाइडमध्ये, क्यूटीत चेंजइव्हेंटमध्ये. थेट विनथर्टीटू (विंडोजचा मूळ एपीआय) लिहीत असाल तर डब्ल्यूएम_साइज हा मेसेज घ्या, डब्ल्यूपॅरम १ म्हणजे मिनिमाइझ. काही जण डब्ल्यूएम_सिसकमांड पकडतात, पण कोडमधून शोविंडोने मिनिमाइझ केलं तर तो मेसेज येतच नाही. लिनक्सच्या वेलँडवर (पडद्यावर विंडो दाखवायच्या प्रोटोकॉलवर) मात्र हात टेकावे लागतात: प्रोग्राम मिनिमाइझची विनंती करू शकतो, पण झालं की नाही हे त्याला कळायची सोय मूळ प्रोटोकॉलमध्ये नाही.

'फोकस गेला की काट्याचं वाचन थांबवा'

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) सिरियल पोर्टवर एकसारखा आकडे पाठवत असतो. तुमची विंडो पुढे आहे की मागे, याचं त्याला सोयरसुतक नाही. पोर्ट उघडा ठेवून फक्त वाचणारा टायमर थांबवला, तर आलेले बाइट बफरमध्ये (तात्पुरत्या साठवणीत) साचतात. डॉटनेटच्या सिरियलपोर्टचा हा बफर मुळात ४०९६ बाइटचा. एका ओळीत १६ बाइट आणि सेकंदाला १० ओळी धरा, म्हणजे साधारण २५ सेकंदांत तो भरतो. पुढचे बाइट वाया जातात, जुने तसेच राहतात.

आता कपाशीचा एक ट्रॅक्टर उतरला, दुसरा चढला आणि ऑपरेटर फोनवरचं आटोपून दोन मिनिटांनी विंडोवर परतला. टायमर सुरू होतो आणि पडद्यावर पहिल्या ट्रॅक्टरचं वजन येतं. टायमर दर सेकंदाला दहाच ओळी वाचत असेल, तर आकडा पुढेही सतत सुमारे २५ सेकंद मागे राहतो. पावती छापली की शेतकऱ्याशी वाद ठरलेला, आणि काटा बिचारा बरोबर असतो.

मग पोर्टच बंद करायचा? डेटारिसिव्ह्डमध्ये (पोर्टवर डेटा आल्याच्या इव्हेंटमध्ये) पडदा बदलायला इन्व्होक वापरला असेल, तर यूआय थ्रेडवरून (पडदा सांभाळणाऱ्या थ्रेडवरून) क्लोज करताना दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि प्रोग्राम गोठतो. तिथे वाट न बघणारा बिगिनइन्व्होक हवा. पण मुळात पोर्ट प्रोग्रामसोबत उघडावा, प्रोग्रामसोबत मिटावा. वाचन वेगळ्या थ्रेडवर चालू ठेवा, शेवटचं स्थिर वजन वेळेसकट जपा. ते २ सेकंदांपेक्षा जुनं असेल तर रकाना कोरा करा आणि 'वजन घ्या' बटण बंद ठेवा. मिनिमाइझ असताना थांबवायचं ते फक्त चित्रण.

'डिॲक्टिव्हेटमध्येच राहिलेल्या रकान्यांचा मेसेज दाखवा'

फोकस जात असताना मेसेजबॉक्स उघडू नये, असं डब्ल्यूएम_किलफोकस (फोकस गेल्याचा विंडोजचा मेसेज) याबद्दल मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. दोन टेक्स्टबॉक्सच्या लॉस्टफोकसमध्ये 'गाडी नंबर टाका'सारखा मेसेज आणि फोकस मागे ओढणारा कोड असला, की दोघांची रस्सीखेच लागते. रकाना तपासायला व्हॅलिडेटिंग इव्हेंट वापरा. दुसऱ्या प्रोग्रामवर गेल्याने तो उठत नाही, म्हणून ऑपरेटरला छळत नाही. फोकस जाताना मसुदा गुपचूप सेव्ह करायला हरकत नाही.

'तातडीचं असेल तर विंडो पुढे आणा'

दुसरा प्रोग्राम पुढे असताना मागून सेटफोरग्राउंडविंडो (विंडो पुढे आणायचं फंक्शन) केलं, तर विंडोज बहुतेक वेळा नकार देतं आणि टास्कबारवरचं बटण नुसतं लुकलुकतं. बरं आहे. यूएसबी बारकोड गन म्हणजे संगणकाच्या लेखी कीबोर्डच: आकडे, मग एंटर. स्कॅन चालू असताना तुमची विंडो मध्येच उडी मारून आली, तर तो एंटर तुमच्या 'होय'वर पडेल. त्यापेक्षा टास्कबारचं बटण लुकलुकवणारं फ्लॅशविंडोएक्स वापरा. माणसाने स्वतः क्लिक केल्यावर मिनिमाइझ झालेली विंडो वर आणायची असेल तर शोविंडोला एसडब्ल्यू_रिस्टोअर द्या, आधी मॅक्सिमाइझ असली तर तशीच येते. विंडोस्टेट नॉर्मल केलं तर ती लहान होऊन येते.

'मिनिमाइझसाठी वेगळा कोड नको'

मिनिमाइझमध्ये क्लायंटसाइझ ० बाय ० होतो. रिसाइझमध्ये त्या मापाचा बिटमॅप बनवला की 'पॅरामीटर इज नॉट व्हॅलिड' ही एरर. आणि विंडोची जागा होते उणे ३२०००, उणे ३२०००. बंद होताना लोकेशन सेव्ह करत असाल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: 'प्रोग्राम उघडतच नाही, खाली नुसता दिसतो.' मिनिमाइझ असताना सेव्ह करायचं ते रिस्टोअरबाउंड्स (विंडोची मिनिमाइझ नसतानाची जागा आणि माप). फोन आलाच, तर टास्कबारवर ती विंडो निवडायला सांगा, मग ऑल्ट+स्पेस, एम, कुठलंही एक बाणाचं बटण, आणि माउस हलवला की विंडो त्याच्या मागे पडद्यावर येते.