‘लिनक्सवाले पैसे देत नाहीत, नुसत्या तक्रारी करतात’ : या दाव्यात किती दम आहे?

लिनक्सवर, म्हणजे विंडोजला पर्याय असलेल्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, गेम्स का येत नाहीत, असं कुणी विचारलं की एक ठरलेलं उत्तर पुढे केलं जातं. ते इतक्या वेळा शेअर झालंय की आता कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. उत्तर असं : लिनक्सवर गेम्स धड चालत नाहीत. खेळणारे मूठभर, आणि तेही फुकटे. विक्री ०.१ टक्का, तक्रारी २० टक्के. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, शंभर, त्यामुळे टेस्टिंग अशक्य. अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन गेममधली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, तर तिथे होऊच शकत नाही. मग कंपन्यांनी सपोर्ट दिला नाही तर त्यांचं काय चुकलं?

यातलं बरंचसं दहा वर्षांपूर्वी खरं किंवा अर्धं खरं होतं. आज मोठी अडचण एकच उरली आहे, आणि ती तंत्राची कमी, कंपन्यांच्या निर्णयाची जास्त आहे. हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण जुन्या आकड्यांच्या जोरावर आजचे निर्णय खपवले जातायत.

आधी ‘चालतच नाहीत’ हा मुद्दा. ऑगस्ट २०१८मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम या आपल्या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन आणलं, म्हणजे विंडोजचे गेम्स लिनक्सवर चालवायची सोय. विंडोजसाठी लिहिलेला गेम ग्राफिक्सचं काम विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी या प्रणालीला सांगतो. प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके दुभाष्यासारखं मध्ये बसून तेच काम लिनक्सवरही चालणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत ग्राफिक्स कार्डपर्यंत पोचवतं. डायरेक्टएक्स १२च्या गेम्ससाठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन आहे, आणि बाकी सगळा भार वाइन हे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर उचलतं, ज्याचं काम १९९३पासून चालू आहे. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, एक टिकमार्क, आणि बऱ्याचदा तेवढंही लागत नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा पीसी याच पायावर उभा आहे. त्यातली स्टीमओएस आर्च लिनक्स या डिस्ट्रोवर बेतलेली आहे.

एल्डन रिंगचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तो २५ फेब्रुवारी २०२२ला आला, स्टीम डेक आला त्याच सुमारास. पीसीवर तो मध्येच अडखळायचा. व्हॉल्व्हच्या लोकांनी शोध घेतला तेव्हा एक कारण असं सापडलं की काही ठिकाणी हा गेम एका झटक्यात हजारो कमांड बफर (ग्राफिक्स कार्डला द्यायच्या आज्ञांच्या याद्या) वगैरे तयार करतो आणि मेमरी सांभाळणाऱ्या भागाची दमछाक होते. त्यांनी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉनमध्ये ही वाटप केलेली मेमरी जपून ठेवून पुन्हा वापरायची सोय केली, आणि थोड्याच दिवसांत डेकवर ते अडखळणं बरंच कमी झालं. मूळ गेमच्या कोडला हातही न लावता! विंडोजवर खेळणारे तेव्हा प्रकाशकाच्या पॅचची वाट बघत होते.

आता ‘मूठभर आणि फुकटे’. ऑक्टोबर २०२५च्या स्टीम सर्व्हेत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच तीन टक्क्यांच्या वर गेला, मॅकपेक्षा जास्त. तीन टक्के कानाला कमीच वाटतात. पण स्टीमचा २०२१चा महिन्याचा जाहीर आकडा, १३.२ कोटी वापरकर्ते, जरी धरला तरी हे चाळीस लाखांच्या घरात जातं. पैशांचं म्हणाल तर २०१०चा पहिला हंबल इंडी बंडल, म्हणजे छोट्या स्टुडिओंच्या गेम्सचा एकत्र विकलेला संच, आठवावा. किंमत ज्याची त्याने ठरवायची होती, आणि लिनक्सवाल्यांनी दिलेली सरासरी रक्कम विंडोजवाल्यांच्या जवळपास दुप्पट होती. एका विक्रीवरून सगळ्यांचा स्वभाव ठरत नाही, मान्य. पण ज्यांना फुकटे म्हणायचं त्यांनी, शून्याच्या जवळपासही घ्यायची मुभा असताना, सगळ्यांत जास्त दिले हे विसरून कसं चालेल?

धंदा म्हणून लिनक्स कधी कुणाला तारणार नाही, असं सांगताना लोकी सॉफ्टवेअरचा दाखला देतात. १९९८ला निघालेली ही कंपनी विंडोजचे गेम्स लिनक्सवर आणायची आणि २००२च्या सुरुवातीला बंद पडली. ते खरंच आहे. मात्र तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी (गेम्समध्ये वापरायचा तयार कोड) टिकली, आणि आज ती विंडोजसह सगळीकडच्या असंख्य गेम्समध्ये आहे.

सगळ्यांत जास्त फिरणारा आकडा म्हणजे ०.१ टक्का विक्री, २० टक्के तक्रारी. हा आकडा हवेतून आलेला नाही. प्लॅनेटरी ॲनायलेशन या गेमवर काम केलेल्या एका डेव्हलपरने २०१९मध्ये तो सांगितला होता. पण पुढे पाठवताना दोन गोष्टी गळून पडल्या. एक, त्या २० टक्क्यांत गेम कोसळल्यावर आपोआप जाणारे क्रॅश रिपोर्टही होते, आणि बहुतेक अडचणी ग्राफिक्स ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) होत्या, हे त्यानेच नमूद केलं होतं. दोन, तो गेम २०१४चा. तेव्हा एएमडीच्या कार्डांसाठी लिनक्सवर गेमर्सना बंदिस्त जुना ड्रायव्हर वापरावा लागायचा, आणि त्याचा त्रास ज्यांनी भोगलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कर्नलमधला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातला, एएमडीजीपीयू हा खुला ड्रायव्हर २०१५मध्ये आला. व्हल्कनचा पहिला आराखडा २०१६चा, आणि मेसा या खुल्या ग्राफिक्स संचामधला आरएडीव्ही हा एएमडीसाठीचा व्हल्कन ड्रायव्हर त्याच्या पाठोपाठ. पुढे व्हॉल्व्हने पैसे घालून शेडरसाठी (ग्राफिक्स कार्डवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी) एसीओ कंपायलर लिहून घेतला. म्हणजे तक्रारींचं जे मूळ होतं, तेच मधल्या काळात बदलून टाकलं गेलं. एनव्हिडियाचं सगळं अजून सुरळीत नाही, पण २०२२पासून त्यांनीही कर्नल मॉड्यूल्स खुली करायला सुरुवात केली.

याच विषयावर दुसरा आकडा आहे, तो मात्र फारसा कुणी फॉरवर्ड करत नाही. डेल्टा-व्ही : रिंग्ज ऑफ सॅटर्न हा अवकाशातल्या खाणकामाचा गेम. कोडेरा सॉफ्टवेअर या छोट्या स्टुडिओने २०२१मध्ये आपला हिशेब जाहीर केला. साधारण १२,००० प्रती विकल्या गेल्या, त्यातल्या ७०० लिनक्सवाल्यांनी घेतल्या. एकूण १,०४० बग रिपोर्ट आले, त्यातले सुमारे ४०० लिनक्सवाल्यांचे. म्हणजे ५.८ टक्के गिऱ्हाईक आणि ३८ टक्के तक्रारी. इथवर वाचून कुणीही म्हणेल, बघा, तेच तर आम्ही सांगतोय.

पण त्या ४००पैकी फक्त लिनक्सवर येणारे बग किती होते? तीन. बाकीचे सगळे बग विंडोजवाल्यांनाही छळत होते, फक्त ते कुणी कळवत नव्हतं. आणि डेव्हलपरचं म्हणणं असं की लिनक्सवाल्यांचे रिपोर्ट दर्जालाही सरस होते. गेमची आवृत्ती, सिस्टीमची माहिती, लॉग (गेम चालताना काय घडलं याची नोंद), बग पुन्हा कसा घडवून आणायचा याच्या पायऱ्या, सगळं सोबत. याला कारण आहे. लिनक्सवर काही बिघडलं की लॉग बघायची सवय लागतेच. प्रोटॉनमध्ये लाँच ऑप्शनची एक ओळ टाकली की होम फोल्डरमध्ये लॉगची फाइल येऊन पडते, ती जोडायची आणि पाठवायची. ‘गेम बंद पडला, पैसे परत द्या’ एवढ्या एका ओळीवर डेव्हलपर काय करणार? लॉग हाती असेल तर तासाभरात बग सापडू शकतो. ज्या कामासाठी स्टुडिओ पगारी टेस्टर ठेवतात ते काम गिऱ्हाईक फुकट करतंय, आणि आपण त्याला तक्रारखोर म्हणतोय. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं.

डिस्ट्रोंचा मुद्दा थोडक्यात. नेटिव्ह, म्हणजे खास लिनक्ससाठी बनवलेल्या, गेमसाठी स्टीम स्वतःचा लिनक्स रनटाइम देतं. त्यात लायब्ररींचा ठरलेला संच असतो आणि गेम त्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, चालतो, खाली उबुंटू असो की फेडोरा. प्रोटॉनवर चालणाऱ्या गेमला तर वेगळं पॅकेज करायचीही गरज नाही. शंभर डिस्ट्रोंवर टेस्टिंग करा, असं कुणीही मागत नाही.

‘प्रोटॉन म्हणजे खरा सपोर्टच नव्हे’ हा आक्षेप मात्र लिनक्सच्याच बाजूने येतो, आणि त्यात तथ्य आहे. नेटिव्ह गेम मनापासून केला तर काय होऊ शकतं हे फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या गेममध्ये दिसतं. मोठा कारखाना सेव्ह होताना विंडोजवर खेळ थबकतो. लिनक्सवर फोर्क करून, म्हणजे चालू गेमची प्रत काढून, दुसरी प्रक्रिया सुरू करता येते. ती मागे बसून सेव्ह करते आणि आपण खेळत राहतो. पण असा जीव लावणारे स्टुडिओ थोडेच. रॉकेट लीगने नेटिव्ह लिनक्स आवृत्ती दिली होती, मार्च २०२०मध्ये तिचा सपोर्ट काढून घेतला. वाऱ्यावर सोडलेल्या नेटिव्ह आवृत्तीपेक्षा प्रोटॉनवर तपासलेली विंडोज आवृत्ती कधीही परवडली, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि इच्छा असेल तर माणसंही फार लागत नाहीत. बाल्डर्स गेट ३ची स्टीम डेकसाठीची नेटिव्ह आवृत्ती सप्टेंबर २०२५मध्ये आली. लॅरियन या तो गेम बनवणाऱ्या स्टुडिओच्या एका इंजिनिअरने कामाचे तास संपल्यावर स्वतःच्या हौसेने ते सुरू केलं होतं.

राहिलं अँटी-चीट. इथे मी हातचं राखून बोलणार नाही : आजही लिनक्सचं सगळ्यांत दुखरं ठिकाण हेच आहे. व्हॅलोरंट चालत नाही. लीग ऑफ लेजंड्स वाइनवर चालायचा, २०२४मध्ये व्हॅनगार्ड हे अँटी-चीट आलं आणि तोही गेला. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्स अडीचेक वर्षं चालला, आणि चीटर्स लिनक्सची वाट वापरतात असं सांगत प्रकाशक ईएने ३१ ऑक्टोबर २०२४ला दार लावून घेतलं. त्या कारणात काहीच अर्थ नाही असं मी म्हणणार नाही. विंडोजवर ही अँटी-चीट सॉफ्टवेअर कर्नलमध्ये बसतात, लिनक्सवर बसत नाहीत. शिवाय लिनक्सचा कर्नल ज्याला हवा तसा बदलता येतो, त्यामुळे पहारा सैल पडतो, हे खरं आहे.

पण ‘होऊच शकत नाही’ हे साफ खोटं. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही अँटी-चीट बनवणाऱ्या दोघांनीही सप्टेंबर २०२१मध्ये प्रोटॉनसाठी सोय जाहीर केली. ईझी अँटी-चीटमध्ये डेव्हलपरने आपल्या सेटिंग्जमध्ये काही क्लिक करायचे. बॅटलआयच्या बाबतीत तर व्हॉल्व्हनेच स्पष्ट केलं की डेव्हलपरने बॅटलआयला कळवायचं, वेगळं काम काही नाही. एल्डन रिंग ईझी अँटी-चीटसह लिनक्सवर ऑनलाइन खेळता येतो. याउलट जीटीए ऑनलाइन वर्षानुवर्षं लिनक्सवर चालत होता. सप्टेंबर २०२४मध्ये तो गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने त्यात बॅटलआय घातलं, प्रोटॉनची परवानगी दिली नाही, आणि पैसे मोजून बसलेले लोक एका अपडेटने बाहेर फेकले गेले. यात कसली तांत्रिक मर्यादा आली? आणि ईझी अँटी-चीट ज्या एपिकच्या मालकीचं आहे, तीच कंपनी फोर्टनाइटसाठी ते लिनक्सवर उघडत नाही.

कर्नलमधल्या पहाऱ्याने चीटिंग थांबतं, हेही अर्धसत्य आहे. स्लॉटमध्ये डीएमए कार्ड बसवून दुसऱ्या पीसीवरून गेमची मेमरी वाचणारे चीटर्स विंडोजवरही आहेत. आणि कर्नलमध्ये बाहेरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायची किंमत जुलै २०२४मध्ये सगळ्यांनी पाहिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने विंडोजची सुमारे ८५ लाख मशीन्स कोलमडली, विमानतळांवर रांगा लागल्या. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनेच सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवण्याची सोय उभारायला घेतली.

तेव्हा कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो. रोज रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळणं हाच मुख्य कार्यक्रम असेल, तर विंडोज ठेवा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, पीसी विंडोज ११च्या अटीत बसत नाही, आणि खेळणं बहुतेक एकट्याने असेल, तर लिनक्स टाकून बघायला काहीच हरकत नाही. ऑनलाइन गेम घेण्याआधी त्याचं अँटी-चीट कुठलं आणि प्रोटॉनवर ते सुरू केलंय का, एवढं पाहून घ्या. घेऊन चालला नाही, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर स्टीम पैसे परत देतं. ते मागताना कारणाच्या चौकटीत ‘लिनक्सवर अँटी-चीट सुरू केलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा. ती नोंद डेव्हलपरला त्याच्या हिशेबाच्या पानावर दिसते.