समजा, आईचं वय क्ष आहे...

ज्या आठवड्यात गणिताची चाचणी असते, नेमकं त्याच आठवड्यात क्लासच्या सरांच्या घरी लग्न निघतं. मग आठवीतली लेक वही-पुस्तक घेऊन डायनिंग टेबलाशी येऊन बसते आणि घरातली माणसं भराभर उद्योगाला लागतात. नवरा इंजिनिअर आहे, पण 'आमच्या वेळी पद्धत वेगळी होती गं' एवढं बोलून तो फोनवर जातो. मी बँकेत. "तू तर दिवसभर आकड्यांतच असतेस," असं म्हणून माझी नेमणूक होते. आकडेमोड कॉम्प्युटर करतो, मी फक्त 'सर्व्हर डाऊन आहे' एवढंच सांगते, हे कोणालाही पटत नाही.

भूमितीपासून सुरुवात. कंपासपेटीत खोडरबराचा चुरा, पेन्सिलीची सालं, मैत्रिणीची चिठ्ठी, सगळं सापडतं. कर्कटक मात्र तळाशी, आणि त्याचा स्क्रू ढिला. त्याने वर्तुळ काढायला घेतलं तर शेवटाची गाठ सुरुवातीशी पडतच नाही, रेघ बाहेरून निघून जाते. कोनमापकाने त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजून बेरीज केली तर ती 183 अंश. "तीन अंश हवामानाचे," असं म्हणून लेकीने 180 लिहून टाकले. यापुढे शिकवण्यासारखं तिला काही उरलंय का, असा मला प्रश्न पडला.

पण खरा छळ सिद्धतेचा. समद्विभुज त्रिकोणात समान बाजूंसमोरचे कोनही समान असतात, हे सिद्ध करायचं होतं.

"अगं, दिसतंय की!" मी म्हटलं.

"आई, दिसण्याला मार्क नसतात."

पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी सगळी मांडामांड झाली. शिरोबिंदूतून कोनदुभाजक काढला, एका त्रिकोणाचे दोन झाले. आता हे दोघे एकरूप आहेत हे दाखवायचं, 'बाकोबा' कसोटीने. म्हणजे बाजू, कोन, बाजू. कोबाको आणि बाबाबा ही तिचीच भावंडं. झोपाळ्यावरून सासरे म्हणाले, "या बाकोबाची जत्रा कधी असते?" त्यातल्या त्यात मला आवडलं ते 'सामाईक बाजू' हे कारण. ती बाजू दोन्ही त्रिकोणांत आहे, म्हणून ती स्वतःइतकीच आहे, एवढं लिहिलं की मार्क. आमच्या सोसायटीत सामाईक भिंतीवरून लोक एकमेकांचे नमस्कार घेत नाहीत, आणि इथे तिचा असा मान!

एवढं सगळं करून मिळालं काय, तर जे आधीपासून दिसत होतं तेच.

बीजगणितात बरोबर उलटी तऱ्हा. तिथे न दिसणाऱ्या एक्सवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. त्याचा पुरावा कोणी मागत नाही. 'समजा' म्हटलं की तो आला. बरोबरच्या चिन्हापलीकडे नेला की अधिकचा उणे होतो. "बाजू बदलली की चिन्ह बदलतं," असं मी अगदी सोपं करून सांगितलं, तर झोपाळ्यावरून आवाज आला, "छे, हल्ली चिन्हही सोबत नेतात."

नळ आणि टाकीचं गणित मी सरळ वगळलं. एक नळ तीन तासांत टाकी भरतो, दुसरा सहा तासांत रिकामी करतो, दोन्ही सुरू ठेवले तर? पहिला नळ तीन तास चालतो हे गृहीतच आमच्या गल्लीत कोणी मान्य करणार नाही. आणि दुसरा कोणी उघडा ठेवला, याची चौकशी न करता टाकी भरण्याची वाट बघणारी माणसं मला माहीत नाहीत.

मग आलं वयाचं गणित. आईचं वय आज मुलीच्या तिप्पट, पाच वर्षांपूर्वी ते चौपट होतं, तर दोघींची वयं काढा. पुस्तकात आईच्या वयाची चर्चा बापाच्या वयापेक्षा जास्त का होते, हा वेगळा लेखाचा विषय. मी मुलीचं वय एक्स धरलं, आईचं तीन एक्स, आणि कंस सोडवायला घेणार तोच सासऱ्यांनी उत्तर दिलं, "पंधरा आणि पंचेचाळीस."

सासरे एसटीत कंडक्टर होते, चाळीसगाव डेपोला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, थेट औटकीपर्यंत सगळं तोंडपाठ. साडेतीन रुपयांची सात तिकिटं म्हटलं की आमचा हात मोबाईलकडे जायच्या आत त्यांचे साडेचोवीस तयार. "दोघींच्या वयातलं अंतर कधी बदलतं का?" ते म्हणाले. "आज ते मुलीच्या वयाच्या दुप्पट, पाच वर्षांपूर्वी तिप्पट. म्हणजे तेव्हाच्या वयाची तिप्पट आजच्या दुप्पटीएवढी. झालं की."

मी थक्क. लेक ढिम्म. "आजोबा, उत्तराला अर्धाच मार्क असतो. बाकी सगळे रीतीला."

सासरे पेटले. पाटणादेवीच्या गाडीवर त्यांनी ड्यूटी केलेली, तेव्हा भास्कराचार्य त्यांना घरचेच. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, आणि स्वतःच्या नातवंडांसमोर हा मुद्दा सासरे कधीच सोडत नाहीत. 1150 सालच्या 'लीलावती'तलं गणित त्यांनी घातलं. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. उरलेला एकटा भुंगा केतकी आणि मालतीच्या सुवासात इकडून तिकडे घुटमळतोय. तर थवा केवढा?

लेकीने वही ओढली. छेद पंधरा केला, तीन, पाच आणि सहा मिळवले. पंधरातले चौदा हिस्से उडाले, म्हणजे उरलेला एक हिस्सा तोच एकटा भुंगा. "पंधरा!" सासऱ्यांनी झोपाळाच थांबवला.

"पण आजोबा, तो एक भुंगा काय करतोय तिथे?"

"ते नववीत कळेल," मी घाईघाईने म्हटलं.

नववीत काय असतं हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. झोपायला जाताना सांगून गेली: दोन चलांतली रेषीय समीकरणं. एक्सच्या जोडीला वाय येतो आणि मग एका समीकरणाने भागत नाही, दोन लागतात. चांगलं आहे. पुढच्या वर्षी चाचणीच्या आठवड्यात नवऱ्यालाही टेबलाशी बसवता येईल.