पदव्युत्तर पदविका म्हणजे एम.ए. नव्हे : खुलासा

'नवीन शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.चे पहिले वर्ष झाले की बाहेर पडा, पदविका आणि पदवी आता समकक्ष' असा मजकूर गेले काही दिवस पुण्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये फिरत आहे. त्यातील पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा खरी आहे. पदविका आणि एम.ए. समकक्ष असल्याचे विधान मात्र चुकीचे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024 मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात शैक्षणिक पात्रतांच्या चढत्या स्तरांमध्ये पदव्युत्तर पदविका सहाव्या स्तरावर, तीन वर्षांच्या पदवीनंतरची दोन वर्षांची एम.ए. साडेसहाव्या आणि पीएच.डी. आठव्या स्तरावर आहे. चार वर्षांच्या पदवीनंतरची एक वर्षाची एम.ए.देखील साडेसहावरच आहे, आणि बहुधा या 'एक वर्षा'मुळेच घोटाळा झाला असावा.

हा फरक केवळ आकड्यांचा नाही. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून मराठी दलित आत्मकथनांवरील समीक्षा वाचणाऱ्या विद्यार्थ्याकडून पदविकेच्या टप्प्यावर विषयाचे प्रगत ज्ञान आणि त्याचे उपयोजन अपेक्षित असते, एम.ए.ला त्याने त्या समीक्षेतील मतभेद तपासून, स्वतः प्रश्न मांडून, पद्धतशीर पुराव्यांनिशी लघुप्रबंध लिहावा अशी अपेक्षा असते, तर पीएच.डी.ला ज्ञानात मौलिक भर घालावी लागते.

प्रवेश रद्द करण्यापूर्वी आयोगाच्या संकेतस्थळावरील मूळ आराखडा वाचावा, आणि तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.