चहा-वडापाव सोडून गृहकर्ज अर्ध्या वेळात फिटत नाही

नातेवाइकांच्या, शाळेच्या बॅचच्या, सोसायटीच्या, अशा सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मथितार्थ हाच: 'बाहेरचा चहा, वडापाव, रविवारची मिसळ बंद करा. रोजचे शंभर रुपये वाचवून कर्जखात्यात भरा. २० वर्षांचं गृहकर्ज १० वर्षांत फिटेल, लाखो रुपये व्याज वाचेल. वाचलेला प्रत्येक रुपया कर्जात टाका. फिटत नसेल तर दोष बँकेचा नाही, तुमच्या जिभेचा आहे.'

मला या मजकुराचा राग येतो. कर्ज लवकर फेडावं, या मताचा मीही आहे आणि ओळखीतलं कुणी कर्जाचं स्टेटमेंट घेऊन आलं तर तेच सांगतो. पण हा मजकूर माणसाची नजर टपरीवर खिळवून ठेवतो. त्याचा खरा पैसा जातो तो करारपत्राच्या दोन-तीन ओळींमधून आणि तिकडे तो बघतच नाही. म्हणून यातलं एकेक विधान हिशोबाला लावून पाहू.

हिशोबासाठी एक साधं कर्ज धरतो: ४० लाख रुपये, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं जेमतेम ६,३८० रुपयांनी. पहिलं वर्षभर चार लाखांच्या वर भरल्यावर मुद्दल उतरलेलं असतं ८० हजारांच्या आसपास. हप्त्यातलं मुद्दल व्याजापेक्षा जास्त व्हायला बारावं वर्ष उजाडतं.

'रोज शंभर रुपये भरा, कर्ज दहा वर्षांत फिटेल.'

नाही फिटत. रोजचे शंभर म्हणजे महिन्याला तीन हजार. पहिल्या महिन्यापासून एकही महिना न चुकता हप्त्यासोबत ते भरले, तर वरचं कर्ज साधारण १६ वर्षं ५ महिन्यांत संपतं. साडेतीन वर्षं वाचतात, व्याजात जवळपास नऊ लाखांचा फरक पडतो. हे कमी नाही आणि मी ते कमी लेखत नाही. पण मजकुरात लिहिलंय दहा वर्षं. दहा वर्षांत संपवायचं तर हप्ता हवा ४९,५९४ रुपये, म्हणजे महिन्याला १४,८८१ रुपये जादा. रोजचे जवळजवळ पाचशे. दहा हजार लोकांना पुढे पाठवण्याआधी एकानंही मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरवर हे तपासलेलं दिसत नाही.

'हे शंभर रुपये तुमच्या चहा-वडापावात आहेत.'

टपरीवरचा कटिंग दहा रुपये, वडापाव वीस. ऑफिसचे २६ दिवस रोज दोन्ही घेतले तरी महिन्याचे ७८० रुपये होतात. ते सगळे, एकही वडापाव न खाता, कर्जात भरले तर मुदत १३ महिन्यांनी कमी होते. एकोणीस वर्षं दुपारी चार वाजता सहकाऱ्यांबरोबर खाली उतरायचं नाही, आणि त्याबदल्यात शेवटचे तेरा हप्ते वाचवायचे! ज्याला हा सौदा पटतो त्यानं जरूर करावा. पण त्यावरून दुसऱ्याला उधळ्या ठरवू नये.

मूळ सल्ला अमेरिकेतला, तिथल्या महागड्या कॉफीवरचा. तो आपल्याकडे आणताना कॉफीच्या जागी चहा घातला आणि आकडा तसाच फुगलेला राहिला. आणखी एक फरक कुणी लक्षात घेतला नाही. अमेरिकेतली बहुतेक गृहकर्जं ३० वर्षं एकाच ठरलेल्या दरानं चालतात. तिथं दर माणसाच्या डोक्यातून बाजूला ठेवता येतो. आपली बहुतेक कर्जं बदलत्या दराची आहेत आणि सगळा खेळ तिथेच आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. आठवड्यातून दोनदा घरपोच मागवलेलं जेवण, प्रत्येक वेळी चार-पाचशेचं बिल, हे महिन्याला चार हजारांच्या घरात जातं. न बघितल्या जाणाऱ्या ओटीटीचे आपोआप कापले जाणारे पैसे, दुसरा फोन हप्त्यावर घेणं, याही गोष्टी आहेत. तिथे कात्री लावली तर खरोखर फरक पडतो. पण त्याला 'चहा-वडापाव' म्हणून कसं चालेल? दहा रुपयांच्या चहाबद्दल माणसाला अपराधी वाटायला लावलं की चारशेच्या पार्सलकडे बघायचं बळ त्याच्यात उरत नाही, असं मी घराघरांत पाहिलं आहे.

'दोष बँकेचा नाही.'

या वाक्यावर मला सगळ्यात जास्त वेळ थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे आहे.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. महागाई आवरायची होती, त्यावर मी वाद घालत नाही. पण घरात काय झालं ते बघा. ६.७५ टक्क्यांनी ४० लाखांचं कर्ज घेतलेल्याचा हप्ता होता ३०,४१४ रुपये. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.२५ वर गेला तेव्हा वर्षभर हप्ते भरूनही त्याच्या उरलेल्या कर्जावर नुसतं व्याजच महिन्याला ३० हजारांच्या वर गेलं. मुद्दलासाठी हप्त्यात तीनशे-साडेतीनशे रुपये उरले. हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवत गेलं तर असं कर्ज हयातीत फिटत नाही. अनेक कर्जदारांना आपली मुदत वाढलीये हे स्टेटमेंट मागवल्यावर कळलं. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला विचारा: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं करायचं की काही रक्कम आधी भरायची. ठरलेल्या दरावर जाण्याचा पर्यायही द्या.

त्या माणसानं तेव्हा चहा सोडला असता तर काय झालं असतं?

आता उलट बाजू. आपल्या मूळ उदाहरणात दर ८.५ वरून ८ टक्क्यांवर आला आणि हप्ता होता तेवढाच ठेवला, तर मुदत २० महिन्यांनी कमी होते आणि सात लाखांच्या आसपास व्याज वाचतं. अर्धा टक्का म्हणजे वीस महिने. एकोणीस वर्षांचा चहा-वडापाव म्हणजे तेरा. अर्धा टक्का कमी करून घ्यायला कधी कधी शाखेत एक फेरी, एक अर्ज आणि काही हजारांची फी एवढंच लागतं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात, पण त्याआधीची कितीतरी कर्जं अजून जुन्या पद्धतीवर आहेत आणि त्यांचा दर उतरताना रेंगाळतो. रेपोशी जोडलेल्या कर्जातही नव्या ग्राहकाला कमी मार्जिन (रेपोवर बँक वर लावते तो टक्का) आणि जुन्याला जास्त, हे सर्रास चालतं. आपला दर आणि त्याच बँकेची आजची जाहिरात शेजारी ठेवून बघा. तफावत असेल तर कमी दर लेखी मागा. दिला नाही तर कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केल्याचा दंड वैयक्तिक कर्जदाराकडून घ्यायला बँकांना २०१२ पासून मनाई आहे.

२०२५ मध्ये रेपो खाली आला, जूनपर्यंत ५.५ टक्क्यांवर. अशा वेळी हप्ता कमी करून घ्यायचा मोह होतो. ज्याची ओढाताण चालली आहे त्यानं तो जरूर कमी करून घ्यावा. बाकीच्यांनी हप्ता तसाच चालू ठेवला तर खिशातून एक रुपयाही जादा न काढता मुदतीआधी फेड सुरू होते.

आणि कर्ज मंजूर होतानाचा विमा! मंजुरीच्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात एकरकमी प्रीमियमची पॉलिसी येते आणि तो प्रीमियम कर्जातच मिसळला जातो. एक लाखाचा प्रीमियम ८.५ टक्क्यांनी २० वर्षं म्हणजे महिन्याला ८६८ रुपये, एकूण दोन लाख आठ हजार. आपल्या चहा-वडापावापेक्षा जास्त. विमा हवाच, कर्ज असलेल्या माणसाला तर हवाच. पण साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, वेगळा घेता येतो, वर्षाला हप्ता भरता येतो. कर्जासोबत हीच पॉलिसी घ्यावी असा कायदा नाही. हे त्या दिवशी टेबलापलीकडून कुणी सांगत नाही.

घर घेतानाही तसंच. महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ५० लाखांच्या घरावर ५० हजार रुपये, म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळाचा चहा-वडापाव, एका नोंदणीत.

'लाखो रुपये व्याज वाचेल.'

वाचेल, पण ते कधी भरता यावर. या उदाहरणात पहिलं वर्ष संपताना एक लाख रुपये जादा भरले तर जवळजवळ १४ हप्ते उडतात. तेच एक लाख पंधराव्या वर्षाअखेर भरले तर सव्वाचारच्या आसपास. त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावर, दोन-तीन वर्षं उरलेली असताना, गाठीची सगळी पुंजी ओतून कर्ज 'एकदाचं' संपवणाऱ्यांना मी थांबवतो. तिथं व्याज उरलेलंच थोडं असतं, आणि हातातली रोकड त्या वयात जास्त कामाची.

सुरुवातीच्या वर्षांत मात्र जोर लावावा. तो लावायची जागा पगारवाढ आणि बोनस. वर्षातून फक्त एक हप्ता जादा भरला, दिवाळीच्या बोनसमधून म्हणा, तर मुदत तीन वर्षं चार महिन्यांनी घटते. मजकुरातल्या रोजच्या शंभरांचं जवळजवळ सगळं काम एका व्यवहारात होतं. आणि पगार वाढेल तसा हप्ता दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत नेला, तर हेच कर्ज सव्वाबारा वर्षांत संपतं. दहा वर्षांच्या स्वप्नाच्या जवळ जाणारा रस्ता हाच, आणि यात कुणाचा चहा सुटत नाही, कारण वाढलेला पगार खर्चाच्या सवयीत मुरण्याआधीच त्याला वाट मिळालेली असते.

'वाचलेला प्रत्येक रुपया कर्जात टाका.'

हे तर धोक्याचं आहे. कर्जात गेलेला रुपया सहजासहजी परत येत नाही. नोकरी गेली, आईचं ऑपरेशन निघालं, की बँक 'तुम्ही मागे जादा भरलंय' म्हणून पुढचे चार हप्ते माफ करत नाही. मग माणूस पर्सनल लोन काढतो किंवा क्रेडिट कार्डावर शिल्लक ठेवतो, आणि कार्डाचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्के पडतं. ८.५ टक्क्यांचं कर्ज घाईनं कमी करून चाळीस टक्क्यांचं डोक्यावर घेणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. म्हणून आधी कार्ड आणि पर्सनल लोन संपवावं, मग सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवावेत, आणि मग गृहकर्जाला हात घालावा. ज्यांना रोकड हाताशीही हवी आणि व्याजही वाचवायचं आहे, त्यांच्यासाठी ओव्हरड्राफ्ट जोडलेली गृहकर्जं आहेत, स्टेट बँकेच्या 'मॅक्सगेन'सारखी. त्यात ठेवलेला पैसा व्याज कमी करतो आणि लागला तर काढता येतो.

याच्या उलट टोकाचा सल्लाही फिरतो, 'कर वाचतो, कर्ज फेडूच नका'. नव्या कररचनेत राहत्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही. जुन्या रचनेत दोन लाखांची मर्यादा आहे. तेव्हा नवी रचना घेतलेल्यांसाठी तरी तो मुद्दा संपला.

'दोष तुमच्या जिभेचा आहे.'

हे वाक्य घरात कुणावर येऊन पडतं? मी जे पाहिलं त्यात ते बहुतेक वेळा बाईवर पडतं. तिचा गजरा, तिची मैत्रिणींबरोबरची महिन्याची भेट, मुलांची सहल, सासूबाईंची पंढरपूरची खेप. कर्जाचा दर, मुदत, विमा, हे सगळं नवऱ्यानं बँकेत बसून ठरवलेलं असतं, तिची सही कागदावर सहकर्जदार म्हणून असते. आणि काटकसरीची वेळ आली की हिशोब तिच्या पन्नास-शंभराचा मागितला जातो. हे मला अन्यायाचं वाटतं. घरात हिशोबाला बसायचंच असेल तर दोघांनी कर्जाचं स्टेटमेंट समोर घेऊन बसावं, आणि चार गोष्टी वाचाव्यात: आजचा दर, तो कशाशी जोडलाय, उरलेली मुदत, उरलेलं मुद्दल. मूळ मुदतीशी ताडून बघावं. ती वाढली असेल तर आधी तिचा जाब विचारावा.

जादा रक्कम भरताना अर्जात स्पष्ट लिहावं की ती मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. नाहीतर काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ धरली जाते किंवा हप्ता कमी केला जातो, आणि मुदत जिथल्या तिथे राहते. किमान किती रक्कम स्वीकारतात हेही आधी विचारावं. महिनाभरानं नवं परतफेडीचं वेळापत्रक मागवून शेवटच्या हप्त्याची तारीख खरंच अलीकडे आली का ते बघावं.