बोट झोपते, काठ जागा असतो

सप्टेंबरात दादा आणि वहिनी पुण्याहून आले होते. पासाऊ ते बुडापेस्ट, डॅन्यूब नदीवर सात रात्रींची क्रूझ. मीही त्यांच्याबरोबर होते. तिसऱ्या रात्री साडेदहाला पियानो वाजवणाऱ्याने पियानोचं झाकण लावलं, वेटरने शेवटचे दोन ग्लास उचलले आणि अख्ख्या लाउंजमध्ये आम्ही दोघंच उरलो. दादा म्हणाला, "अगं, एवढे पैसे भरले आणि साडेदहाला सामसूम? आपल्या गोव्यात, पणजीच्या बोटीवर तासाभरात जेवढी धमाल येते, तेवढी इथे तीन दिवसांत आली नाही." वहिनी तेव्हा गाढ झोपली होती. सकाळी चहा घेताना म्हणाली, अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

मी 14 वर्षं व्हिएन्नात राहते. घरून कुणी ना कुणी दरवर्षी हे विचारतंच: युरोपातली नदीवरची क्रूझ घ्यावी का, आणि संध्याकाळी तिथे करायचं काय? दादाची तक्रार खरी होती. तरीही माझं उत्तर बहुतेकांना "घ्या" असंच असतं.

आपल्या डोक्यात नदीची क्रूझ म्हटली की मांडवी येते. पणजीच्या सांता मोनिका जेट्टीवरून सूर्य कलताना निघायचं, वरच्या डेकवर प्लास्टिकच्या खुर्च्या, देखणी, फुगडी, पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्यो असे नाच, मग डीजे आणि सगळी पोरंटोरं स्टेजवर. मला ते मनापासून आवडतं. पण तासाभराने प्रत्येकजण उतरून आपापल्या हॉटेलवर झोपायला जातो. डॅन्यूबवरची बोट हेच ते हॉटेल. जेमतेम 135 मीटर लांब, 11.4 मीटर रुंद, दीडशे ते एकशे नव्वद प्रवासी, आणि बहुतेक बोटींवर लाउंज एकच, पुढच्या टोकाला, त्याच्या खाली आणि मागे केबिन. जर्मनीत माइन नदीवर आणि 1992 साली पूर्ण झालेल्या ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालव्यावर बोटी वरखाली चढवण्या-उतरवण्याचे जे दरवाजे आहेत, ते 12 मीटर रुंद. त्यातून जायचं तर बोट याहून रुंद बांधता येत नाही. नाटकगृह, कॅसिनो, नाचायचा वेगळा हॉल हे सगळं समुद्री जहाजावर शक्य आहे. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर ते आहेच. नदीवर त्याला जागाच नाही. त्यातून पूल इतके ठेंगणे की काही ठिकाणी वरचा डेकही रिकामा करतात आणि कप्तान जिथून बोट चालवतो ती खोलीच खाली उतरवतात.

तरुणांसाठी वेगळी बोट काढून पाहिलेली आहे. 2018 मध्ये यू बाय युनिवर्ल्ड नावाने काळ्या रंगाच्या दोन बोटी आल्या, डीजे आणि कॉकटेलवाल्या. 21 ते 45 वयाच्यांसाठी अशी घोषणा होती. वरची वयाची अट लवकरच काढून टाकावी लागली आणि पुढे ती सेवाच बंद पडली. तेव्हा नदीची बोट रात्री नाचती करायची हे सोपं काम नाही.

पण बोट उभी कुठे राहते ते बघा. समुद्री जहाज बंदरात लागतं, आणि तिथून गाव कधी कधी तासभर लांब असतं. ब्रातिस्लाव्हात बोटीवरून उतरलं की चालत जुन्या गावात पोचतो. बुडापेस्टला तर पेस्टच्या, म्हणजे पूर्वेकडच्या काठावर, साखळी पुलाच्या आसपास, रात्री उजळलेल्या राजवाड्यासमोर बोट लागते आणि धक्क्यावरून दोन नंबरची ट्राम जाते. व्हिएन्नात राइक्सब्रुके पुलाजवळ उतरा, फोरगार्टनस्ट्रासेला भुयारी गाडी पकडा, चौथ्या स्टेशनला स्टेफान्सप्लाट्झ. शुक्रवारी-शनिवारी ही गाडी रात्रभर चालते.

व्हिएन्नाच्या रात्री मी दादाला बोटीवरचं जेवण सोडायला लावलं. "पैसे भरलेत जेवणाचे," म्हणून तो कुरकुरला. डी ट्रामने नुसडॉर्फला गेलो. तिथे द्राक्षं पिकवणाऱ्यांचे स्वतःचे गुत्ते आहेत, हॉयरिगर म्हणतात. दारावर पाइनची फांदी टांगलेली असली की समजायचं, आज उघडं आहे. अंगणात लाकडी बाकं, थंड वाइनचा जग, उकडलेल्या बटाट्याचं सॅलड, आणि एक व्हायोलिनवाला नि एक अकॉर्डियनवाला बाकाबाकाशी थांबून वाजवत होते. आमच्यापाशी आले तेव्हा विचारलं, कुठले? दादाने पुणं सांगितलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत एका नाट्यपदाचा मुखडा उचलला. व्हायोलिनवाला डोळे मिटून ऐकत राहिला. दुसऱ्या ओळीला त्याला सूर सापडला. शेजारच्या बाकावरच्या चार आजीबाईंनी टाळ्या धरल्या, ठेका थोडा चुकीचा, पण जोरात. बोटीवर परतलो तेव्हा साडेअकरा झाले होते आणि दादाचा आवाज बसला होता.

आता घरच्या वादाबद्दल. गोव्यात हणजुणे-वागातोरच्या रात्रीच्या संगीतावरून, मांडवीतल्या कॅसिनोंवरून आणि आमच्या पुण्यात गणपतीतल्या डीजेवरून भांडणं चालू असतात, आणि दोन्ही बाजू युरोपला साक्षीला बोलावतात. एक म्हणतो, तिकडे बघा, पर्यटक यायला हवेत तर रात्री जाग्या ठेवाव्या लागतात. दुसरा म्हणतो, तिकडे बघा, दहानंतर चिटपाखरू नसतं. मी "तिकडे" राहते, म्हणून सांगते, दोघांचंही अर्धंच खरं आहे. बुडापेस्टचा सातवा विभाग घ्या. पडक्या वाड्यांच्या अंगणात थाटलेल्या बारमुळे तो जगभर गाजला. काझिंत्सी रस्त्यावरचा सिंप्ला तर सगळ्यांना ठाऊक. तिथल्याच रहिवाशांच्या झोपेचं इतकं खोबरं झालं की बार मध्यरात्रीनंतर बंद ठेवावेत का यावर 2018 मध्ये त्या विभागात सार्वमत घेतलं. मतदान फारच कमी झालं म्हणून ते बाद ठरलं. भांडण अजून आहे, अगदी आपल्यासारखंच.

आणि व्हिएन्ना? बोटी लागतात त्याच्या बरोबर समोर डॅन्यूबचं बेट आहे. पुरापासून शहर वाचवायला दुसरं पात्र खणलं, त्यातल्या मातीचं ते 21 किलोमीटर लांब बेट झालं. 1984 पासून तिथे उन्हाळ्यात फुकट संगीतमहोत्सव होतो. त्या तीन दिवसांत माझ्या घराच्या काचा थरथरतात. मी तक्रार करत नाही, कारण तारखा आधी माहीत असतात आणि चौथ्या दिवशी शांतता परत येते. आपल्याकडेही कायद्यात नेमकं हेच आहे: रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, आणि सणासुदीला राज्य सरकारला वर्षातून 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. नियम इकडच्यापेक्षा वाईट नाही. पाळायची तेवढी इच्छा हवी. या बाबतीत मी काठावर राहणाऱ्यांच्या बाजूने आहे, गोव्यातही आणि इथेही.

क्रूझचा प्रश्न मला याच्याशी जोडलेला दिसतो. पेस्टच्या काठावर एका रात्री कितीतरी बोटी उभ्या असतात, कधी कधी एकीला एक लागून. आमच्या केबिनचा पडदा सरकवला तर समोर दुसऱ्या बोटीतल्या आजोबांचा दात घासणारा चेहरा होता. या प्रत्येक बोटीवर डीजे असता तर राजवाड्यासमोरचा धक्का त्यांना कोण देईल? त्या गप्प राहतात म्हणूनच शहराच्या पोटात शिरू शकतात, असं माझं ठाम मत आहे.

रात्री बोटीवरून उतरून शहरात जाणं सगळ्यांना जमत नाही, हेही खरं. गुडघे दुखत असतील, रात्री अनोळखी ट्राममध्ये चढायची भीती वाटत असेल आणि तरीही करमणूक हवी असेल, तर नदीवर येऊ नका. संध्याकाळ लांब वाटेल. ड्युर्नस्टाइनसारख्या नदीकाठच्या छोट्या गावात दिवसाचे पर्यटक गेले की दुकानं मिटतात, कुत्रंही भुंकत नाही. आणि दहा-बारा नातेवाईक मिळून येणार असाल तर फारसा प्रश्नच नाही. जेवणानंतर लाउंजचा एक कोपरा मागून घ्या, अंताक्षरी तुमचीच.

बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिकेत एकच रकाना बघावा: बोट कुठून किती वाजता सुटते. "संध्याकाळी 6" लिहिलं असेल तर ते शहर तुम्हाला रात्री दिसणार नाही. "रात्रभर मुक्काम" व्हिएन्ना आणि बुडापेस्ट या दोन्ही ठिकाणी असेल तर घ्या. दादाने पुढच्या जूनसाठी तीन कंपन्यांच्या पत्रिका पाठवल्या आहेत. दोघींत व्हिएन्नाची रात्र नाही, तिसरीत दोन्ही आहेत, आणि तारखा नेमक्या बेटावरच्या महोत्सवाच्या. वहिनीला मी कानात घालायचे बोळे आणायला सांगितलं आहे.